समुद्रातल्या पवनचक्क्यांचा पाया आणि केबल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑफशोअर विंडमध्ये नव्याने आलेले सिव्हिलवाले, इलेक्ट्रिकलवाले, आणि नुसत्या उत्सुकतेपोटी विचारणारे, सगळ्यांकडून तेच तेच प्रश्न येत राहतात म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवतोय. वाचताना एकच विनंती, पाया हा एक विषय आणि केबल हा दुसरा असं डोक्यात ठेवू नका, कारण बहुतेक दुखणी या दोघांच्या मधल्या काही मीटरमध्येच असतात (प्रश्न १० बघा).

१. पवनचक्की समुद्रात नक्की कशावर उभी असते?

बहुतेक ठिकाणी मोनोपाइलवर, म्हणजे एकच भलामोठा पोकळ स्टीलचा पाइप जो हातोड्याने तळात ठोकून घातलेला असतो. वीस वर्षांपूर्वी हे ४ मीटर व्यासाचे असायचे, आता मोठ्या टर्बाइनसाठी १० मीटरच्या आसपास गेलेत आणि एकेकाचं वजन २००० टनांच्या वर जातं. दुसरा प्रकार जॅकेट, म्हणजे तीन किंवा चार पायांचा पाइपांचा सांगाडा, तो जास्त खोल पाण्यात वापरतात. तिसरा ग्रॅव्हिटी बेस, काँक्रीटचा जड पाया जो स्वतःच्या वजनावर बसून राहतो. जगातलं पहिलं ऑफशोअर विंड पार्क म्हणजे डेन्मार्कचं विंडेबी, १९९१ चं, तिथली ११ टर्बाइन अशाच काँक्रीटच्या पायावर होती, आणि फ्रान्समधल्या फेकांची ७१ टर्बाइनही त्याच प्रकारावर आहेत, त्यामुळे ही पद्धत जुनी झाली असं समजू नका. चौथा सक्शन बकेट, उलट्या बादलीसारखा, आतलं पाणी पंपाने खेचलं की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने तो स्वतःच तळात रुतत जातो. तरंगणाऱ्यांचं वेगळं आहे, ते प्रश्न १८ मध्ये.

२. स्कावर म्हणजे काय? एवढ्या मोठ्या पाइपभोवतीची वाळू जाते कुठे?

समुद्रकिनारी घोटाभर पाण्यात उभे राहा आणि लाट परत जाताना टाचेकडे लक्ष द्या, वाळू सरसर निघून जाते आणि पाय खचतो. पाइलभोवती हेच होतं, फक्त चोवीस तास, त्यालाच स्कावर म्हणतात. प्रवाह पाइलला धडकला की समोरच्या बाजूला पाणी खाली वळतं आणि तळाशी घोड्याच्या नालेच्या आकाराचा भोवरा तयार होतो, तो वाळू उकरतो, मागच्या बाजूला सुटणारे भोवरे ती उचलतात आणि प्रवाह पुढे घेऊन जातो.

नुसत्या प्रवाहात आणि मोकळ्या वाळूत खड्ड्याची खोली साधारण पाइलच्या व्यासाच्या १.३ पट धरतात, म्हणजे ५ मीटरच्या पाइलला साडेसहा मीटरचा खड्डा. पण ही सरासरी आहे हे विसरू नका, प्रत्यक्षातले आकडे तिच्या दोन्ही बाजूंना भरपूर पसरलेले असतात. लाटांमुळे होणारा खड्डा सहसा लहान असतो कारण पाण्याची दिशा इतक्या पटकन बदलते की भोवऱ्याला जम बसायला वेळच मिळत नाही, उलट वादळात कधीकधी खड्डा भरूनही येतो. चिकणमाती सावकाश झिजते पण झिजते, आणि एकदा गेली की वाळूसारखी परत येऊन भरत नाही. इंग्लंडच्या स्क्रोबी सँड्सला पाइलभोवती ५ मीटर खोल आणि ६० मीटर रुंदीपर्यंतचे खड्डे मोजले गेलेत, आणि तिथले पाइल जेमतेम सव्वाचार मीटरचे आहेत.

३. मग पाइल थोडी जास्त खोल ठोकली की झालं, दगडबिगड कशाला?

काही ठिकाणी हे खरंच बरोबर उत्तर आहे. माती घट्ट असेल, प्रवाह मध्यम असेल तर खड्डा पडणार हे धरूनच पाइल लांब करतात आणि दगड टाकतच नाहीत. पण तीन गोष्टी आधी तपासा.

पहिली स्टील, प्रत्येक जादा मीटरला काही टन आणि असे शंभर पाइल. दुसरी फ्रीक्वेन्सी. पाया, टॉवर आणि वरचं डोकं मिळून एक नैसर्गिक फ्रीक्वेन्सी असते आणि ती रोटर फिरण्याच्या आणि पाती टॉवरसमोरून जाण्याच्या फ्रीक्वेन्सीच्या मधल्या अरुंद पट्टीत बसवलेली असते. खड्डा पडला की पाइलचा मोकळा भाग वाढतो, सगळं लवचिक होतं, फ्रीक्वेन्सी खाली येते आणि रोटरच्या व लाटांच्या फ्रीक्वेन्सीकडे सरकते, मग वेल्डवर थकव्याचा, म्हणजे सततच्या हेलकाव्यांनी तडे जाण्याचा, हिशोब सुरू होतो. तिसरी गोष्ट लोक हमखास विसरतात ती म्हणजे केबल. पाइलला खड्डा सहन होईल हो, पण त्या खड्ड्यावरून केबल अधांतरी लोंबकळणार आहे. दगड वाचवले म्हणून पायावाल्यांच्या बजेटमध्ये जी बचत दिसते ती केबलवाल्यांच्या बजेटमध्ये खर्च होऊन बसते, असं होताना मी पुन्हा पुन्हा बघितलंय.

४. दगडांचे दोन थर का लागतात? एकदम मोठेच दगड टाकले तर?

मोठ्या दगडांच्या फटीतून वाळू शोषली जाते, म्हणून. प्रवाहाचे भोवरे दगडांच्या मधल्या फटीत शिरतात, खालची वाळू कणाकणाने वर खेचतात आणि अख्खा थर हळूहळू खाली बसतो. डेन्मार्कच्या हॉर्न्स रेव्ह १ मध्ये, २००२ चं पार्क, ८० टर्बाइन, तिथे काही वर्षांनी पाइललगतचा दगडांचा थर दीड मीटरपर्यंत खाली गेल्याचं सर्व्हेत दिसलं, आणि नंतरच्या प्रयोगशाळेतल्या चाचण्यांनी हेच कारण दाखवलं.

म्हणून खाली फिल्टर, म्हणजे काही सेंटिमीटरची खडी, जिच्या फटीतून वाळूचा कण जाऊ शकत नाही, आणि वर आर्मर, म्हणजे ३०-४० सेंटिमीटरचे दगड जे वादळात हलणार नाहीत. बारीकपासून मोठ्यापर्यंत मिसळलेला एकच जाड थर हाही पर्याय आता बराच वापरतात, काम एका खेपेत होतं, फक्त टाकताना मोठे आणि बारीक दगड वेगळे होऊ देता कामा नये, म्हणून तो तळाजवळ नेलेल्या लांब पाइपातून सोडतात, जहाजाच्या कडेवरून ढकलत नाहीत.

आणि कडेचा खड्डा येणारच. दगडांचा थर हाच पाण्याला अडथळा असतो त्यामुळे त्याच्या बाहेरच्या काठाशी नवीन झीज सुरू होते. चांगल्या डिझाइनमध्ये काठाला जास्तीचे दगड ठेवलेले असतात, ते त्या उतारावर घरंगळून तो झाकून टाकतात. सर्व्हेत काठ खचलेला दिसला म्हणून लगेच घाबरू नका, तो तसाच खचायचा ठरलेला असू शकतो, ड्रॉइंग काढून बघा.

५. आधी दगड की आधी पाइल?

नेहमीचा क्रम असा, फिल्टर आधी टाकायचा, त्यातून पाइल ठोकायची, मग केबल ओढून घ्यायची, मग आर्मर. फिल्टर आधी टाकल्याने पाइल ठोकल्यापासून आर्मर येईपर्यंत वाळू जागेवर राहते. काहीच न टाकता पाइल ठोकली आणि दगडांचं जहाज पुढच्या सीझनला आलं तर मधल्या वादळांत खड्डा पडून जातो, आणि मग ठरलेल्यापेक्षा कितीतरी जास्त दगड तो खड्डा भरण्यातच जातात.

पण जहाजांच्या तारखांच्या ओढाताणीत होतं काय की आर्मर आधीच टाकून मोकळे होतात आणि केबल नंतर त्या दगडांवरून ओढली जाते. क्रमातला हा बदल कागदावर एका ओळीचा असतो. त्याची किंमत प्रश्न १० मध्ये.

६. दगडांऐवजी दुसरं काही?

आहे. जाळीच्या पिशवीत भरलेले दगड, ते छोट्या जागेत क्रेनने नेमके ठेवता येतात. काँक्रीटचे ठोकळे दोरीने ओवून केलेल्या मॅट्रेस, साधारण ६ बाय ३ मीटरच्या, केबलवर टाकायला बऱ्या पण पाइलच्या अगदी जवळ त्यांच्या कडा उचलल्या जातात. वाळू भरलेल्या जिओटेक्स्टाइलच्या पिशव्या. कृत्रिम समुद्री गवताच्या मॅट, ज्या पाण्याचा वेग कमी करून वाळू स्वतःच जमवतात, पाण्यात हलती वाळू भरपूर असेल तिथे छान चालतात आणि नसेल तिथे नुसतं गवत डोलत राहतं. पाइलला तळाशी स्टीलची कॉलर लावायचाही प्रकार आहे, जर्मनीच्या कास्कासी पार्कात काही पाइलना तो केलाय, तिचा मूळ हेतू मात्र पाइलला आडवा आधार वाढवण्याचा.

७. केबल किती खोल पुरतात?

टर्बाइन ते टर्बाइन जाणारी ३३ किंवा ६६ केव्हीची केबल साधारण १ ते २ मीटर, किनाऱ्याकडे जाणारी मोठी केबल जहाजांच्या वाटेवर ३ मीटर किंवा जास्त. पण सगळीकडे एकच आकडा लावणं ही जुनी आणि महागडी सवय आहे. मासेमारीचं ट्रॉल, म्हणजे तळावरून ओढत नेलेलं जाळं, घट्ट वाळूत सहसा ३० सेंटिमीटरही आत जात नाही, तर मऊ चिखलात तेच कितीतरी खोल जातं, म्हणजे माती जितकी घट्ट तितकी कमी खोली पुरते. ब्रिटनच्या कार्बन ट्रस्ट संस्थेने २०१५ मध्ये केबल पुरण्याच्या जोखमीची जी पद्धत प्रसिद्ध केली ती याच विचारावर आहे, पट्ट्यापट्ट्याने माती बघा, जहाजं कुठली जातात बघा, मग खोली ठरवा.

खोली कुठून मोजलीय हे करारात शब्दात लिहून घ्या. आजच्या तळापासून, की न हलणाऱ्या तळापासून? केबलच्या माथ्यापर्यंत, की मध्यापर्यंत? नुसतं दीड मीटर एवढंच लिहिल्याने पुढे वर्षभर भांडणं चालतात.

अवजार मातीप्रमाणे. वाळूत पाण्याच्या फवाऱ्याने माती पातळ करून केबल खाली जाऊ देतात, घट्ट चिकणमातीत शेतातल्यासारखा नांगर किंवा साखळीचा कटर, खडकात कटरच. फवाऱ्याच्या मशीनला वाळूत मधेच चिकणमातीचा पट्टा लागला की ते वर वर निघून जातं आणि तेवढी केबल उथळ राहते, आणि हे आधीच्या माती परीक्षणात दोन बोअरच्या मधे लपलेलं असतं.

८. जास्त खोल पुरली म्हणजे जास्त सुरक्षित, बरोबर ना?

जहाजाच्या नांगरापासून हो, उष्णतेपासून नाही. नेहमीच्या एक्सएलपीई (एक प्रकारचं प्लास्टिक) इन्सुलेशनच्या केबलचा कंडक्टर ९० अंश सेल्सियसच्या वर जाऊ द्यायचा नसतो. केबल गरम होते आणि ती उष्णता आजूबाजूच्या ओल्या मातीतूनच बाहेर पडते, त्यामुळे खोली वाढली की गादी-रजई जाड केल्यासारखं होतं आणि तीच केबल कमी वीज वाहू शकते, किंवा जास्त जाड तांबं घ्यावं लागतं. सेंद्रिय गाळाचा पट्टा तर उष्णता फारच कमी सोडतो. जर्मनीत उलट बाजूनेही नियम आहे, उत्तर समुद्रातल्या त्यांच्या आर्थिक क्षेत्रात तळाच्या २० सेंटिमीटर खाली माती २ अंशांपेक्षा जास्त तापता कामा नये, तिथे जास्त खोली उपयोगी पडते. शिवाय दुरुस्तीला केबल वर काढायची वेळ आली की प्रत्येक जादा मीटर उकरावा लागतो.

९. पुरताना दोन मीटर खाली होती, पाच वर्षांनी उघडी कशी पडली?

केबल हलली नाही, तळ हलला. उत्तर समुद्राच्या दक्षिण भागात तळावर वाळूच्या लाटा असतात, काही मीटर उंच, दोन माथ्यांमध्ये शेकडो मीटर अंतर, आणि त्या वर्षाला काही मीटर, कुठे कुठे दहा मीटरपर्यंत सरकतात. माथ्याखाली पुरलेली केबल माथा पुढे गेला की दरीत येते. तिथून ती आधी उघडी पडते, मग खालची वाळू गेली की अधांतरी.

इलाज दोन. एक, अनेक वर्षांचे तळाचे नकाशे एकावर एक ठेवून पार्कच्या आयुष्यात तळ जास्तीत जास्त किती खाली जाईल ती पातळी काढायची आणि तिच्याखाली पुरायचं, त्यासाठी गरज पडली तर आधी माथे ड्रेज करून सपाट करायचे. दोन, माथे टाळून वाट वळवायची. माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं, दोनशे मीटर जास्तीची केबल ही पुढच्या पंचवीस वर्षांच्या दुरुस्तीपेक्षा स्वस्तच पडते. स्कॉटलंडजवळच्या रॉबिन रिग पार्कात तर सरकणाऱ्या तळापायी ६० पैकी २ टर्बाइन २०१५ मध्ये काढून टाकावी लागली, म्हणजे हा प्रश्न फक्त केबलचाही नाही.

१०. सगळ्यात जास्त बिघाड नेमका कुठे होतो?

पुरलेली केबल शांत असते. पाइलच्या आत शिरलेली केबलही बऱ्यापैकी शांत. मधला तुकडा बघा, जो तळातून बाहेर येतो, दगडांच्या थरावरून जातो आणि पाइलच्या भोकात शिरतो. तो धड पुरलेलाही नाही आणि धड टांगलेलाही नाही. भोक तळाच्या थोडं वर असतं त्यामुळे एक छोटा अधांतरी बाक राहतोच, आणि पाइलच्या कुशीला प्रवाहाचा वेग मोकळ्या पाण्याच्या जवळपास दुप्पट होतो.

या तुकड्यावर सीपीएस चढवतात, केबल प्रोटेक्शन सिस्टिम. भोकात अडकणारा लॅच, मग जाडसर निमुळता स्टिफनर, मग एकात एक अडकवलेल्या पॉलियुरेथेनच्या किंवा ओतीव लोखंडाच्या कड्या ज्या ठराविक बाकापलीकडे वाकत नाहीत. कागदावर उत्तम. पण ही हलकी, जाड नळी मोकळ्या दगडांवर नुसती ठेवलेली असली तर भरती-ओहोटी तिला इकडून तिकडे नेते, वादळात प्रत्येक लाट तिला थोडं उचलते आणि टेकवते. अशी वर काढलेली एक कडी मी डेकवर हातात घेतली होती. वरची बाजू जवळजवळ नवी, साच्यात उमटलेले आकडेसुद्धा वाचता येत होते, आणि खालच्या बाजूला दगडाच्या टोकाएवढी खोबण, कड काचेसारखी गुळगुळीत, आणि खोबणीच्या तळाशी भिंतच संपलेली, आरपार. बराच वेळ मी ती खोबण बोटाने चाचपत राहिलो, कारण कॅल्क्युलेशनमध्ये हाच भाग स्थिर धरलेला होता.

हे एकट्यादुकट्या ठिकाणचं नाही. २०२१ मध्ये ऑर्स्टेड या डॅनिश कंपनीने स्वतः जाहीर केलं की युरोपातल्या त्यांच्या १० पर्यंत पार्कात सीपीएस दगडांवर घासून केबल झिजत असू शकते, आणि २०२१ ते २०२३ या काळात त्यावर ३ अब्ज डॅनिश क्रोनपर्यंत खर्च येईल असा अंदाज दिला. त्यांनी ते उघडपणे सांगितलं हे अख्ख्या इंडस्ट्रीच्या फायद्याचं ठरलं, कारण त्यानंतर सगळ्यांनीच आपापले पाइल पाण्याखाली जाऊन बघायला सुरुवात केली.

११. मग हा तुकडा सुधारायचा कसा?

पहिलं म्हणजे क्रम, फिल्टरवर केबल आणि तिच्यावर आर्मर, म्हणजे केबल दगडांच्या आत दबून राहते, वर फिरत नाही. ते जमत नसेल तर केबल ओढल्यावर त्याच सीझनमध्ये, पहिल्या वादळाआधी, तिच्यावर बारीक दगडांचा बांध किंवा दगडांच्या पिशव्या टाकायच्या, आणि टाकताना दगड उंचावरून सोडायचे नाहीत. सीपीएस जिथे टेकणार तिथला वरचा थर बारीक आणि कमी टोकदार ठेवायचा. कड्या जड घ्यायच्या, ओतीव लोखंडाच्या, म्हणजे लाट त्यांना सहजासहजी उचलत नाही. भोक जितकं खाली नेता येईल तितकं न्यायचं, कारण अधांतरी लांबी कमी झाली की अर्धा प्रश्न संपतो, फक्त मोनोपाइलमध्ये खाली भोक म्हणजे जास्त ताण असलेल्या जागी भोक, त्यामुळे इथे पायाच्या डिझायनरला बरोबर घेतल्याशिवाय एक इंचही हलता येत नाही. भोकाची दिशा मुख्य प्रवाहाच्या काटकोनात, म्हणजे पाइलच्या कुशीला, येणार नाही असं बघायचं.

हिशोब करताना दगडांच्या थराची एकच उंची धरू नका, थर ठरल्याप्रमाणे राहिला तर काय, अर्धा मीटर खचला तर काय, काठ घरंगळला तर काय, तिन्ही करा. झिजेची टेस्ट मागा, नुसती वाकवण्याची नको. उष्णताही तपासा, सीपीएसच्या आतलं पाणी स्थिर असतं आणि पॉलियुरेथेन उष्णता अडवतं, त्यामुळे केबलचा सगळ्यात गरम भाग पुरलेल्या ठिकाणी नसून इथे निघू शकतो.

आणि हे सगळं तेव्हाच होतं जेव्हा या वीस-तीस मीटरला एक मालक असतो. पाइल एकाची, दगड दुसऱ्याचे, केबल तिसऱ्याची, सीपीएस चौथ्याचं, आणि प्रत्येकाच्या ड्रॉइंगवर आपली हद्द जिथे संपते तिथे तुटक रेघ. त्या तुटक रेघेसाठी एक नाव ठरवा, एक माणूस, ज्याला चारही ड्रॉइंग एकावर एक ठेवून सही करावी लागेल. मी सुचवलेल्या सगळ्या सुधारणांमध्ये ही सगळ्यात स्वस्त आहे आणि हीच सगळ्यात कमी केली जाते.

१२. सर्व्हेत केबल उघडी दिसली. लगेच दगड टाकून झाकू का?

नुसती उघडी आहे की अधांतरी आहे ते आधी बघा. अधांतरी भागावर दगड टाकले तर दगडांच्या वजनाने केबल वाकते आणि तुम्हीच बिघाड करून बसता, आधी खालून पिशव्यांचा आधार द्यावा लागतो. मागचा सर्व्हे काढा, उघडा भाग वाढतोय की वाळूची लाट पुढे जाऊन तो पुन्हा झाकला जातोय? दुसऱ्या प्रकारात नुसती नजर ठेवणं पुरतं. वाढत असेल आणि माती मऊ असेल तर दगडांपेक्षा पुन्हा पुरणं बरं, कारण दगडांचा ढीग म्हणजे नवीन अडथळा, त्याच्या काठाशी नवीन झीज (प्रश्न ४), आणि ट्रॉलवाल्यांची जाळी त्यात अडकते. घर्षणाच्या खुणा दिसल्या तर मात्र थांबू नका.

१३. मोठ्या जहाजाच्या नांगरापासून पुरलेली केबल वाचते का?

छोट्या जहाजाच्या नांगरापासून बऱ्याचदा वाचते, मोठ्या जहाजाच्या नांगरापासून, तेही मऊ मातीत, वाचेलच असं नाही, तिथे नांगर कित्येक मीटर आत जातो. २५ डिसेंबर २०२४ ला फिनलंड आणि एस्टोनियामधली एस्टलिंक-२ ही वीजकेबल ओढत नेलेल्या नांगराने तुटली आणि परत सुरू व्हायला जून २०२५ उजाडला. एवढी खोली सगळीकडे पुरणं परवडत नाही, म्हणून जहाजांच्या एआयएस डेटावरून (जहाजं आपली जागा आणि वेग रेडिओवर सतत कळवतात तो) नांगर पडण्याची शक्यता कुठे जास्त आहे ते काढायचं, तेवढ्याच पट्ट्यात खोल जायचं, आणि बाकी ठिकाणी जहाजांवर नजर ठेवून वेग कमी झालेल्या जहाजाला वेळेत रेडिओवर सांगायचं.

१४. दुसरी केबल किंवा पाइपलाइन ओलांडायची असेल तर?

जुन्या लाइनवर आधी मॅट्रेस किंवा दगडांचा थर, त्यावर तुमची केबल, तिच्यावर पुन्हा दगड. मालकाशी क्रॉसिंगचा करार लागतो आणि तो व्हायला महिने जातात, त्यामुळे वाट ठरवतानाच क्रॉसिंग मोजा. शक्यतो काटकोनात ओलांडा.

१५. तळ वाळूचा नसेल तर?

इथे नेहमीचे नियम अडखळतात. पूर्वी पाइलचं गणित बारीक, लांब पाइलवरच्या जुन्या प्रयोगांतून यायचं, ते आजच्या जाड आणि आखूड मोनोपाइलला नीट लागू पडत नव्हतं. पिसा नावाच्या संशोधन प्रकल्पात इंग्लंडमधल्या काउडनच्या चिकणमातीत आणि फ्रान्समधल्या डंकर्कच्या वाळूत पाइल ठोकून त्या आडव्या ओढून बघितल्या, आणि त्यावरून आलेल्या पद्धतीने पाइल आखूड करता आल्या. पण चिकणमाती आणि वाळू म्हणजे सगळे तळ नव्हेत.

चॉकमध्ये, म्हणजे खडूसारख्या मऊ पांढऱ्या खडकात, ठोकताना पाइलच्या भिंतीलगत चॉकचा लगदा होतो, ठोकताना प्रतिकार अगदी कमी लागतो आणि पुढे काही महिन्यांत तो वाढत जातो, त्यामुळे ठोकल्या दिवशीच्या आकड्यावर निष्कर्ष काढू नका. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ग्लॉकोनाइटची हिरवी वाळू लागते, तिचे कण ठोकताना चुरडून चिकणमातीसारखे होतात आणि पाइल मधेच अडकते. कठीण खडकात ड्रिल करून पाइल घालतात, फ्रान्सच्या सॅं-ब्रियूला तसंच केलं. मोठे गोटे असलेल्या तळात पाइलचं टोक वाकायची भीती असते, आणि केबलच्या वाटेवरचे गोटे आधी बाजूला करावे लागतात. भूकंपाच्या भागात सैल वाळू हादऱ्याने पातळ होते आणि तेवढा वेळ पाइलला आडवा आधारच राहत नाही, तैवानच्या पार्कांना याचा वेगळा हिशोब करावा लागतो.

१६. ठोकण्याच्या आवाजाचं काय?

पॉरपॉइज (डॉल्फिनसारखा छोटा सागरी प्राणी) आणि सीलसाठी तो खरोखर वाईट आहे. जर्मनीत ७५० मीटरवर एका ठोक्याचा आवाज १६० डेसिबलच्या आत ठेवावा लागतो, त्यासाठी पाइलभोवती तळावर भोकांची नळी पसरून हवेच्या बुडबुड्यांचा पडदा उभा करतात. दुसरा मार्ग म्हणजे ठोकायचंच नाही, कंपनाने आत घालायचं किंवा सक्शन बकेट वापरायचे. कंपनाने घातलेल्या पाइलभोवतीची माती आडव्या भाराला ठोकलेल्या पाइलसारखीच वागते का, हा डिझाइनमधला खरा प्रश्न आहे, तो अजून पुरता मिटलेला नाही.

१७. मोनोपाइल आणि वरचा पिवळा भाग यांचा जोड घसरतो, हे खरं का? आणि आतून गंज?

जोड घसरलेत हो. जुन्या पद्धतीत पाइलवर मोठा पाइप टोपीसारखा घालून मधल्या फटीत ग्राउट, म्हणजे नंतर घट्ट होणारा सिमेंटचा घोल, भरायचे. २००९-१० च्या सुमाराला उत्तर समुद्रातल्या बऱ्याच पार्कांत हा वरचा भाग हळूहळू खाली बसतोय असं लक्षात आलं, वाऱ्याने सतत डुलून सरळ गोल फटीतल्या ग्राउटची पकड सुटत होती. त्यानंतर निमुळते जोड आले, बोल्टचे फ्लँज आले, आणि आता बऱ्याच ठिकाणी तो मधला भागच काढून टाकलाय.

गंजाचं म्हणाल तर पूर्वी असं धरायचे की पाइल हवाबंद आहे, आतला ऑक्सिजन संपला की गंजही थांबेल. पण केबलच्या भोकाच्या सीलमधून पाणी ये-जा करत राहतं आणि ऑक्सिजन येतच राहतो. आत अ‍ॅल्युमिनियमचे अ‍ॅनोड लावले (ते स्वतः झिजून स्टील वाचवतात) तर बंद पाण्यात आम्लता वाढते, म्हणून काही ठिकाणी मुद्दाम पाइलला भोकं ठेवून पाणी खेळतं ठेवतात.

१८. फ्लोटिंग टर्बाइनला ही कटकट नाही ना?

स्कावरची बरीच कमी, केबलची जास्त. २०१७ च्या हायविंड स्कॉटलंडमध्ये ६ मेगावॅटची ५ टर्बाइन सक्शन अँकरना साखळ्यांनी बांधलीत, पाणी शंभर मीटरच्या आसपास खोल. तिथे केबलला आयुष्यभर हलायचंच असतं, म्हणून तिला मधे तरंगते लावून आळसावलेल्या लाटेसारखा आकार देतात, म्हणजे टर्बाइनची हालचाल त्या बाकात जिरते आणि तळाला टेकण्याच्या जागी पोचत नाही. तरीही टेकण्याची जागा हीच नाजूक, तिथे पट्टा आणि अँकरने केबल धरून ठेवतात. केबलवर शिंपले आणि शेवाळ वाढलं की वजन वाढून आकार बदलतो, हे डिझाइनमध्ये पहिल्या दिवसापासून धरा.

१९. सर्व्हे किती वेळा करायचा?

पहिली दोन-तीन वर्षं दरवर्षी, कारण बहुतेक स्कावर याच काळात होतो, आणि प्रत्येक मोठ्या वादळानंतर निदान काही निवडक पाइलवर. नंतर तळ शांत दिसला तर अंतर वाढवा. मल्टिबीमने, म्हणजे आवाजाच्या लहरींनी खोली मोजणाऱ्या सोनारने, तळाचा आकार कळतो पण केबल किती खोल आहे ते कळत नाही, त्यासाठी केबल शोधणारं वेगळं उपकरण लागतं, आणि सीपीएसच्या खालची बाजू तर दोन्हीत दिसत नाही, तिथे आरओव्ही, म्हणजे दुरून चालवायचा पाण्याखालचा रोबो, पाठवून तिरक्या कोनातून कॅमेऱ्यानेच बघावं लागतं. केबलमध्ये ऑप्टिकल फायबर असतोच, त्यातून लांबीभर तापमान मोजता येतं, एखाद्या ठिकाणी ते अचानक खाली आलं की तिथली माती गेलीय असं समजा. टॉवरवरच्या कंपनाच्या सेन्सरमधून फ्रीक्वेन्सी हळूहळू उतरताना दिसली तर प्रश्न ३ परत वाचा आणि जहाज बोलवा.

२०. आयुष्य संपल्यावर हे सगळं काढायचं का?

पाइल सहसा तळाच्या थोड्या खाली कापून वरचा भाग नेतात, खालचा मातीत राहतो. कंपनाने अख्खी पाइल उपसून काढण्याच्या चाचण्या झाल्यात, आणि स्टील परत मिळतं म्हणून त्यात लोकांना रस आहे. विंडेबी २०१७ मध्ये काढलं, तिथले काँक्रीटचे पाये बरेचसे जागेवरच फोडून उचलले. केबल मातीतून ओढून काढता येते, त्यातलं तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम विकलंही जातं, पण दगडांखालची केबल ओढताना तुटते, आधी दगड बाजूला करावे लागतात.

दगडांवरच खरा वाद आहे. वीस-पंचवीस वर्षांत त्यावर खेकडे, कॉड, कालवं असं अख्खं गाव वसलेलं असतं, हॉलंडच्या बोर्सेले पार्कात तर दगडांवर मुद्दाम कालवं सोडलीत. परवान्यात मात्र तळ पूर्ववत करा असं लिहिलेलं असतं. नवीन पार्क करत असाल तर दगड ठेवायचे की न्यायचे हे परवाना घेतानाच विचारून घ्या, आणि न्यायचे असतील तर प्रत्येक पाइलपाशी किती टन टाकले, कोणत्या आकाराचे, कोणत्या तारखेला, याची नोंद टाकल्या दिवशीच करून ठेवा.